गव्हाचा चीक

"तोंड उघड, बाई माझी. एवढा एकच चमचा. आजीच्या हातचा चीक खाल्लास की बघ, उद्या कशी पळायला लागशील."

सासूबाईंनी वाटीतला चीक फुंकून गार केला, त्यात दूध-साखर कालवली आणि चमचा शर्वरीच्या तोंडाशी नेला. शर्वरीने तोंड उघडलं. तिला ते हवं होतं म्हणून नव्हे, नको म्हणायचंही तिच्या अंगात त्राण नव्हतं म्हणून. सिन्नरचं मे महिन्याचं ऊन सकाळीच गच्चीवर चटके द्यायला लागलं होतं. शेजारच्या दोघी जणी पातेल्यातला चीक घोटत होत्या, मी सोऱ्याने प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया घालत होते, आणि सासूबाईंचा प्रत्येक चमचा मी मनात मोजत होते.

शर्वरी म्हणजे माझ्या नणंदेची, मनीषाताईंची मुलगी. सहा वर्षांची होती, पण अंगावर चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक आणि तोही खांद्यावरून घसरणारा. हातापायाच्या काड्या आणि पोट मात्र घागरीसारखं. केस तांबूस, ओढले तर हातात येतील असे. बाकीची पोरं गच्चीभर धुडगूस घालत होती आणि ही पाण्याच्या टाकीला टेकून म्हाताऱ्या बाईसारखी बसून होती.

सुटीसाठी मायलेकी कल्याणहून येऊन दहा दिवस झाले होते. आल्या दिवशीच सासूबाईंनी निदान करून टाकलं होतं. "पोरीला नुसता वरणभात घालतेस, अंगात ताकद येणार कुठून? भात म्हणजे पाणी. माझ्याकडे राहू दे महिनाभर." तेव्हापासून तिला सकाळी गव्हाच्या सत्त्वाची खीर, दुपारी पोळी-तूप-गूळ, संध्याकाळी पुन्हा खीर. आणि आज तर घरात कुरडयांचा घाट. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून काढलेला गव्हाचा चीक. त्यापेक्षा पौष्टिक या जगात काही नाही, असं आमच्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा.

दहा दिवसांत पोरगी सुधारायची ती आणखी सुकली. तिला काय होतंय हे त्या गच्चीवर बहुतेक एकट्या मला कळत होतं. ते बोलायची माझी छाती नव्हती.

कारण मलाही तेच होतं.

सिलियाक. एकोणिसाव्या वर्षी माझं निदान झालं. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की आमचं शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतड्याचं अस्तर झडतं आणि मग खाल्लेलं काही अंगी लागत नाही. त्याला औषध नाही. गहू, रवा, मैदा जन्मभर सोडायचे, कणभरही खायचे नाहीत. एवढं केलं की माणूस ठणठणीत. हे ऐकायला सोपं आहे. लग्नाच्या बाजारात हे सांगून पाहा. दोन ठिकाणी आम्ही खरं सांगितलं आणि दोन्हीकडून "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला. त्यातल्या एका मुलाच्या मावशीने तर माझ्यादेखत विचारलं होतं, "हिला पोरं होतील ना?" तिसऱ्या वेळी माझी आई म्हणाली, "वृषाली, आता गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी गप्प बसले आणि हेमंतशी माझं लग्न झालं. लग्नात त्याने भरवलेल्या जिलबीच्या घासाने मी तीन दिवस आडवी होते. सासरच्यांना वाटलं, नवरी हवापालटाने आजारी पडली.

पोळीच्या घरात पोळी न खाता राहायचं म्हणजे काही युक्ती हवी. माझी युक्ती देवाची होती. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय चतुर्थी आणि दोन्ही एकादशा. उपासाला साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, सगळं मला चालणारं. उरलेल्या दिवशी "मला बाई भाकरीच आवडते" म्हणायचं. बाजारच्या बारीक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून खड्याचा हिंगसुद्धा मी माहेरून डबीभर आणला होता, "आमच्याकडे हाच लागतो" असं सांगून. तीन महिन्यांत सिन्नरच्या आमच्या गल्लीत माझी कीर्ती झाली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेचं देवाधर्माचं फार आहे हो." ते ऐकलं की मला देवाचीही भीती वाटायची आणि सासूबाईंचीही.

आजही शनिवारच होता. म्हणून चिकाची वाटी माझ्यापुढे आली नाही.

मी सोऱ्या खाली ठेवला आणि मनीषाताईंच्या शेजारी जाऊन बसले. "ताई, शर्वरीला नाशिकला एखाद्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं का?"

"किती जणांना दाखवू गं? कल्याणला चार झाले. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं टॉनिक झालं. एकाने तर सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. काही फरक नाही."

"काही दिवस तिला भाकरी देऊन पाहिली तर? पोळीऐवजी?"

सासूबाईंनी मान वळवली. "आजारी लेकराला भाकरी? काहीतरीच तुझं. गव्हासारखं हलकं दुसरं काही नाही." त्यांनी वाटी खरवडून शेवटचा चमचा शर्वरीला दिला. "आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीये."

पाणी आणायच्या निमित्ताने मी जिन्यात आले आणि आईला फोन लावला.

"आई, शर्वरीला माझंच आहे."

"तुला कशावरून कळलं? तू काय डॉक्टर आहेस?"

"अगं, तेच पोट, तेच केस. मी अशीच झाले होते ना."

"हे बघ, त्यांना म्हणावं मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तुझं नाव मध्ये आणू नकोस. लग्नाला तीन महिने होताहेत, वृषाली. उद्या तुला बॅग घेऊन परत पाठवलं तर तुझ्या बाबांचं काय होईल ते बघ." मग तिचा आवाज बदलला. "पोरगी फार वाईट दिसते का गं?"

"हो."

फोन तिनेच ठेवला.

मग मी आमच्या ग्रुपवर लिहिलं. सिलियाकवाल्यांचा आमचा एक ग्रुप होता, चारेकशे माणसं, महाराष्ट्रभर पसरलेली. बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती, पण कोणाच्या पोटात काय दुखतं हे सगळ्यांना पाठ. कुठल्या गिरणीत ज्वारी वेगळ्या जात्यावर दळून मिळते, शाळेच्या डब्यात काय द्यायचं, लग्नाच्या पंगतीत काय सांगून सुटायचं, सगळं तिथे. मी लिहिलं, नात्यातली एक मुलगी आहे, अशी अशी दिसते, तिचा गहू मी गुपचूप बंद केला तर चालेल का? खिरीत सत्त्वाऐवजी नाचणी घालता येईल, कोणाला कळणार नाही.

लातूरच्या पुष्पाताईंचं उत्तर लगेच आलं. त्यांचा नातू पेशंट होता. "गुपचूप काही करू नकोस. तपासणीआधी गहू बंद केला की रक्तात काही सापडत नाही, आणि पोरीचं निदान आणखी दोन वर्षं लांबतं. आधी रक्त, मग गहू बंद. आणि त्यासाठी तुला तोंड उघडावं लागणार."

म्हणजे चोरवाटही बंद. मी जिन्यात बसून मनाशी वाक्यं जुळवली. संध्याकाळी हेमंत कंपनीतून आला की आधी त्याला सांगायचं, मग त्याच्याकडून ताईंना. सासूबाईंना कोण सांगणार, तिथे माझं डोकं चालेना.

संध्याकाळ व्हायच्या आतच सगळं झालं. दुपारी कुरडयांवर जुनं धोतर पसरून आम्ही खाली आलो. शर्वरीला सकाळपासून जुलाब चालू होते, पण ते तिचं नेहमीचंच म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. ती पंख्याखाली पडली होती. मी तिला पाणी पाजायला म्हणून पाठीखाली हात घालून उचललं आणि तिची मान मागे लटकली. मी ती सावरली. सोडली तशी पुन्हा लटकली.

"शरू, मान धर बघू. शरू?"

तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. "होत नाही, मामी," ती म्हणाली. मी तिचा हात उचलून सोडला, तो गादीवर धपकन पडला.

मी आयुष्यात बरेचदा घाबरले आहे. इतकी कधीच नाही. मी ओरडले की नाही मला आठवत नाही, पण मनीषाताई आल्या, सासूबाई आल्या, आणि ताईंनी पोरीला छातीशी धरलं तेव्हा ती मान त्यांच्या खांद्यावरून पाठीकडे घरंगळली. ताईंच्या तोंडून नुसता घोगरा आवाज निघाला.

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं, सलाईन लावलं आणि म्हणाले, "उन्हाचं दिसतंय, पण थांबू नका, नाशिक गाठा." शेजारच्या लोणारींनी व्हॅन काढली. निघताना सासूबाई आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यात सकाळची सत्त्वाची खीर होती. "पोरगी उपाशी आहे," त्या म्हणाल्या.

मोहदरी घाट उतरताना शर्वरीचं डोकं माझ्या दंडावर होतं. ताई सारख्या म्हणत होत्या, "शरू, डोळे मिटू नकोस हं. आईकडे बघ." शर्वरी बघत होती. तिचा श्वास मला माझ्या हातावर जाणवत होता, तोकडा, घाईघाईचा. समोरच्या सीटवर सासूबाई डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या होत्या. दर वळणाला मी ठरवत होते की आता बोलायचं, आणि वळण संपलं की ते पुढच्या वळणावर ढकलत होते. पोरगी मरेल याची मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी मला घरातून काढतील याचीही. दोन्ही भीती एकाच पोटात मावत होत्या, हे आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

दवाखान्यात डॉक्टर पिंगळे म्हणून तरुण बाई होत्या, बारीक चणीच्या, भराभरा बोलणाऱ्या. त्यांनी रक्त घ्यायला लावलं, छातीला तारा चिकटवल्या आणि थोड्याच वेळात कागद हातात घेऊन आल्या.

"पोटॅशियम फार खाली गेलंय. ते कमी झालं की स्नायू चालत नाहीत, म्हणून मान धरवत नाहीये. हळूहळू भरून काढतोय. घाई करता येत नाही."

"बरी होईल ना?" ताईंनी विचारलं.

"हृदय हाही स्नायूच असतो. आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल." त्यांनी शर्वरीचं पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून पाहिली. "हे एका दिवसाचं नाही. हिची वाढ कधीपासून खुंटलीये? खाते काय?"

"इथं आल्यापासून चांगलं खाते," ताई म्हणाल्या. "पोळी, तूप, खीर."

"आज चीक खाल्ला," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान हलवली आणि तेवढ्यात त्यांना पलीकडच्या खाटेवरून हाक आली. त्या गेल्या. मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

नर्स सांगून गेली, मागितलं तर चमचा-चमचा पातळ काहीतरी द्या. तासाभराने शर्वरीने ओठ हलवले. सासूबाई तिच्यावर वाकल्या. "भूक लागली का माझ्या बाळाला?" त्यांनी डब्याचं झाकण काढलं, चमचा भरला, फुंकला, आणि डाव्या हाताने पोरीची हनुवटी खाली केली.

मी त्यांचं मनगट धरलं. खीर चादरीवर सांडली.

"देऊ नका."

"हात सोड," सासूबाई म्हणाल्या.

"आई, देऊ नका. गव्हानेच झालंय तिला हे."

"वेड लागलं का तुला?"

"मलाही हाच आजार आहे." मनगट मी सोडलं नाही. "मी गहू खाल्ला तर माझंही असंच होतं. म्हणून मी खात नाही. माझे उपास खरे नाहीत, आई. एकही खरा नाही. लग्नाआधी आम्ही लपवलं."

मनीषाताई खाटेच्या पलीकडून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या. सासूबाईंचं मनगट अजून माझ्या हातात होतं. मी ते सोडलं तेव्हा त्यावर माझी बोटं उमटली होती.

डॉक्टर पिंगळे आल्या आणि त्यांनी मलाच विचारलं, "तुम्हाला कधी निघालं?"

"एकोणिसाव्या वर्षी."

"माझ्याही मनात तेच आलं होतं, पण आज आधी हिला सांभाळायचं होतं. मघाच्याच रक्तातून तपासणी लावते. तोवर गव्हाचा कणही नको." सांडलेल्या खिरीकडे पाहून त्यांनी नर्सला चादर बदलायला सांगितली.

सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

हेमंत कंपनीच्या कपड्यांतच आला. ताई त्याला म्हणाल्या, "तुझ्या बायकोला विचार." मी त्याला व्हरांड्यात सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता.

"उपास?" त्याने विचारलं.

"खोटे."

"मला तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर केलं असतंस लग्न?"

त्याने उत्तर दिलं नाही. खरं उत्तर सापडेना म्हणून गप्प बसणारा माणूस आहे तो, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मला वाटलं, संपलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. कुठली साडी वर, कुठली खाली इथपर्यंत.

पण खरी भीती आत होती, त्या खाटेवर. तारा लावलेलं ते यंत्र मधूनच टिकटिक चुकवायचं आणि ताई आणि मी दोघी खाटेवर वाकायचो. ताईंनी एकदाच माझ्याकडे पाहून विचारलं, "दहा दिवसांत एकदाही बोलावंसं वाटलं नाही?" मी म्हणाले, "रोज वाटलं." त्यांनी तोंड फिरवलं, आणि ते बरोबरच होतं.

सकाळी शर्वरीने मान उचलली. जेमतेम, उशीपासून बोटभर, पण आपली आपण उचलली. ताई खाटेच्या दांडीवर डोकं टेकवून हमसून हमसून रडल्या आणि मग, माझ्याकडे न बघताच, त्यांनी हात मागे करून माझा हात घट्ट धरला.

सोमवारी तपासणीचा निकाल आला. डॉक्टर पिंगळे म्हणाल्या, "एवढा आकडा असेल तर शंकेला जागा नाही. पूर्वी प्रत्येक मुलाच्या पोटात दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढायला लागायचा. आता लहान मुलांत आकडा नेहमीच्या मर्यादेच्या दहापटीवर असला आणि दुसऱ्या नमुन्यातही तेच आलं, तर तिला तो त्रास द्यायची गरज नाही. आणखी एकदा रक्त घेऊ. गहू सुटला की सहा महिन्यांत ओळखू येणार नाही पोरगी."

"औषध काय?" हेमंतने विचारलं.

"जेवण हेच औषध. गोळ्यांवर संशोधन चाललंय, लोकांवर चाचण्याही चालू आहेत, पण हातात काही आलेलं नाही." मग त्या ताईंकडे वळल्या. "हे रक्तातून येतं. तुमची तपासणी करून घ्या, भावाचीही. आणि आजींचीही. आजोबा असते तर त्यांचीही केली असती. कित्येकांना असतं आणि आयुष्यभर कळत नाही."

सासूबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टर गेल्या तशी त्यांनी मला बोटाने बाहेर बोलावलं. मी गेले. बॅग मनात भरून तयारच होती.

त्या बाकावर बसल्या. मला बसायला सांगितलं.

"रक्तातून येतं म्हणजे आजीकडून नातीला येतं?"

"येऊ शकतं."

"आईकडून मुलाला?"

"हो."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. समोरून कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली, तिला त्यांनी जाऊ दिलं.

"मनीषाच्या पाठीवर मला मुलगा झाला होता. हेमंतच्या आधी," त्या म्हणाल्या. "नंदू नाव होतं."

हे मला माहीत नव्हतं. त्या घरात त्याचा फोटोही नव्हता. हेमंतने कधी नाव काढलं नव्हतं. पुढे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्यालाही नुसतं "एक गेला" एवढंच ठाऊक होतं.

"वर्षाचा होईपर्यंत गुटगुटीत होता. नंतर वरचं खायला लागला आणि सुकत गेला. पोट हे एवढं. लोक म्हणायचे दृष्ट लागली, कोणी म्हणायचं बाहेरचं आहे. ह्यांनी अंगारे आणले. मी आपली गहू भिजवायची. एक भिजवण संपली की दुसरी. त्याच्यासाठी घरात सत्त्व कधी संपू दिलं नाही मी. जितका सुकायचा तितकं जास्त घालायची. शेवटी शेवटी शरूसारखीच मान टाकली होती त्याने. मी डोकं मांडीवर घेतलं आणि दोन चमचे घातले. दुसरा चमचा गिळला नाही त्याने. तोंडातच राहिला."

मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

"त्यानेच गेला का गं तो?"

आता सांगते, आदल्या दोन दिवसांत मी जेवढी घाबरले होते ते सगळं एकीकडे आणि तो प्रश्न एकीकडे. खोटं बोलणं मला अवघड नव्हतं. तीन महिने मी त्या घरात तेच तर करत होते. "नाही आई, त्याचं काहीतरी वेगळं असेल, तेव्हा साथी असायच्या," एवढं म्हटलं असतं की झालं असतं. वाक्य ओठावर आलंही होतं.

"खोटं सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आता तू तरी नको."

"असेल," मी म्हणाले. "नक्की कोणी सांगू शकणार नाही. पण असेल, आई. तुम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. पदराचं टोक सोडलं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या.

नर्सने तांदळाची पेज आणून ठेवली होती. शर्वरी उशांना टेकून बसली होती आणि वाटीकडे बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच कदाचित तिला खरी भूक लागली असेल. सासूबाईंनी सवयीने वाटी उचलली, चमचा भरला, फुंकला. शर्वरीने आ केला. चमचा तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. पेज ठिबकत होती.

"आजी, दे ना," शर्वरी म्हणाली.

सासूबाईंनी वाटी माझ्या हातात दिली. "तू भरव," त्या म्हणाल्या.

मला कोणी माहेरी पाठवलं नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी गव्हाची कोठी रिकामी केली आणि शेजारी देऊन टाकली. त्यांचीही तपासणी झाली आणि त्यांना निघालं. जन्मभराचा फिकटपणा, तोंडातले फोड, सगळ्याला एका दिवसात नाव मिळालं. त्यांनी पोळी सोडली ती एका शब्दानेही कुरकुर न करता. आता आमच्याकडे कुरडया ज्वारीच्या होतात. ग्रुप आता हजाराच्या वर गेलाय. नाशिकचा मेळावा मी भरवते. कुठल्याशा गोळीच्या चाचणीची बातमी आली की ती मी सासूबाईंना वाचून दाखवते. "आली का गं गोळी?" त्या विचारतात. "अजून नाही," मी सांगते. शर्वरी बारा वर्षांची आहे, शाळेच्या कबड्डी संघात आहे आणि पायाला धरून मोठमोठ्या मुलींना खाली पाडते.

माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला. सासूबाई त्याला तेल लावून न्हाऊ घालतात, मांडीवर झोपवतात, त्याच्यासाठी भाताची पेज, नाचणीची आंबील, सगळं स्वतः रांधतात. जेवायच्या वेळी तो त्यांचा पदर ओढून म्हणतो, "आजी, तू." त्या वाटी माझ्या हातात देतात. "आई भरवेल हं," म्हणतात आणि त्याने पहिला घास घ्यायच्या आत स्वयंपाकघरातून बाहेर जातात.